चंद्रप्पांचा जनाना

मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत धिप्पाड बाई ताडकळसच्या थेटराच्या पत्र्यावर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर बिडी, तोंडात चार खिळे. मला पाहताच तिनं खिळे थुंकले आणि अशी गरजली, की माझ्या गाडीचे बैल उलटे परभणीच्या वाटेला लागले.

"नवे मास्तर तुमीच का? शिडी धरा जरा!"

ही बाई म्हणजे चंद्रप्पा वाणी. गूळ-मिठाचं दुकान हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा नाटकातली राणी होणं. खेळ पंधरा दिवसांवर आला की ते दुकानातही लुगडं नेसून बसत, पदर अंगवळणी पडावा म्हणून. लुगडं अर्थातच बायकोचं, भागम्माचं. वीस वर्षांत चंद्रप्पांनी अख्ख्या तालुक्याला रडवलं होतं. भागम्मानं मात्र त्यांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. पुरुषांच्या गर्दीत बायका बसणार कुठं?

एकदा लुगडं परत घडी घालताना ती म्हणाली, "माझं लुगडं नाटक बघून येतंय. मी आपली चुलीलाच बघायलेय."

चंद्रप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. थेटराची एक भिंत पाडून बायकांसाठी पडवी काढायची, सरकारी कामकाज उर्दूत, तेव्हा इजाजतीचा अर्ज उर्दूत लिहून द्या, म्हणाले. माझं उर्दू बेताचं. बायकांच्या जागेला मला एकच शब्द ठाऊक होता. मी लिहिलं: 'चंद्रप्पा वल्द शिवरुद्रप्पा यांना आपला जनाना वाढवायचा आहे.'

आठवड्यानं पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून दुकानात हजर.

"जनाने में औरतें कितनी?"

"दीडशे तर येतीलच," चंद्रप्पा अभिमानानं म्हणाले.

अमीनसाहेब गुळाच्या ढेपेवर बसले. "इत्त्यों को खिलाते क्या?"

"खिलाना कशाला, साहेब? जेवून येतील. आपापल्या नवऱ्याला इचारून."

"मियाँ, इनके शौहर भी हैं?"

मी घाईघाईनं खुलासा केला. अमीनसाहेब इतके हसले की ढेप फुटली. इजाजत मिळाली; अट एकच, त्यांच्या बेगमसाहेबांनाही पुढची जागा हवी.

चंद्रप्पांनी सहा महिने खपून पडवी उभी केली. समोर बांबूचा चिकाचा पडदा लावला. बरोबर मधली मानाची जागा भागम्माची. तिथं स्वतः पाट ठोकला. गवंडी काहीतरी सांगत होता, पण मानाच्या जागेबद्दल ऐकून घेतील ते चंद्रप्पा कसले!

खेळ दिवसा ठेवला, बायकांना धारांच्या वेळेला घरी पोचता यावं म्हणून. पडदा उघडला. राणीनं जनान्याकडं पाहिलं, आणि चंद्रप्पांचा चेहरा पडला. पाडलेल्या भिंतीच्या जागी छत तोलणारा सागवानी खांब नेमका भागम्मापुढं उभा होता. तिचा बांगड्यांचा एक हात तेवढा बाहेर दिसत होता.

राणी डावीकडं सरकली. त्याच क्षणी भागम्मा दुसऱ्या बाजूनं वाकली. राणी उजवीकडं आली, भागम्मा पुन्हा खांबाआड. राजा झालेला मुंजाजी बिचारा रिकाम्या जागेची मनधरणी करत होता.

शेवटी भागम्मा उठली. चिक वर केला. वीस वर्षांत चारचौघांत नवऱ्याशी न बोललेली ती बाई भर थेटरात म्हणाली, "तुमी जाग्यावर उभे ऱ्हा. मीच सरकते."

ती सरकली, थेट बेगमसाहेबांच्या मांडीला मांडी लावून बसली. मग राणी जी रडली! पदराचं टोक दाताखाली धरून, आवाज न करता. जनान्यातल्या साऱ्या बायका वळून भागम्माकडं बघू लागल्या.

घरी जाताना मी त्या दोघांच्या मागून चालत होतो.

"मी अशी रडते व्हय?"

"अशीच," चंद्रप्पा म्हणाले. "दुसरं कुणाकडून शिकणार?"

तिनं त्यांच्या गालावरचा रंग पदरानं पुसला. तिचं लुगडं त्यांच्या अंगावर असल्यानं पदर त्यांचाच वापरला.

पुढच्या महिन्यात थेटर सरकारनं ताब्यात घेतलं, शेतकऱ्यांकडून सक्तीनं वसूल केलेल्या लेव्हीच्या ज्वारीचं गोदाम म्हणून. जनान्यात तूर ठेवली.