मामांनी सात वेळा चढलेलं शिखर

मामा तसे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. ते मोहिमेच्या तळावर स्वयंपाक करायचे. दिवसभर बर्फ तुडवून आलेल्या माणसाच्या हातात जो गरम चहाचा कप ठेवतो, त्याचं नाव-गाव विचारायचं त्राण कुणात नसतं. म्हणून ते सगळ्यांचे मामा झाले. वय बावन्न, पोट किंचित पुढे, आवाज मात्र तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. एकोणीस उन्हाळे त्यांनी एकाच शिखराच्या पायथ्याशी, एकाच निळ्या तंबूत, दोन शेगड्यांसमोर काढले होते. शिखर सहा हजार मीटरच्या जेमतेम वर. जाणकार त्याला मध्यम म्हणायचे. दोर, बुटांना लावायचे लोखंडी काटे आणि बऱ्यापैकी दम असला, की नवशिकाही वर जाऊन येतो. मामांनी मात्र तळाच्या वर कधी पाऊल टाकलं नव्हतं.

घरी मात्र ते सात वेळा शिखरावर जाऊन आले होते.

ही थाप त्यांनी ठरवून मारली नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. तिसऱ्या वर्षी एका तुकडीने त्यांना शिखरावरचा फोटो भेट दिला. फोटोत पाच जण, पाचही नाकापर्यंत गुंडाळलेले, डोळ्यांवर काळे गॉगल. आई ओळखणार नाही असे. बायकोने कौतुकाने विचारलं, "यात तुम्ही कुठले?" मामा जेवत होते. तोंडात घास होता, म्हणून त्यांनी बोट पुढे केलं आणि ते डावीकडून तिसऱ्यावर पडलं. बायकोचा चेहरा असा काही उजळला, की बोट मागे घ्यायची त्यांची छातीच झाली नाही. तेव्हा नऊ वर्षांची असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून आली. मग शेजारी आले, मेहुणे आले, आणि दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी विचारायचं, "यंदा पण वर?" नाही म्हणायला मामांना कधी जमलंच नाही. सातवर मात्र ते ठामपणे थांबले. आठ म्हटलं तर लोकांना खोटं वाटेल, असं त्यांचं मत होतं.

वर्णनात मात्र ते कधी अडखळले नाहीत. वरून उतरणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याच तंबूत येऊन सूप प्यायचा आणि सगळी चढाई पुन्हा एकदा तोंडाने चढायचा. एकोणीस वर्षांत त्या वाटेची भेग न् भेग मामांना पाठ झाली होती.

मुलगी आता सव्वीस वर्षांची. इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांच्या आरपार बघणाऱ्या या पोरीला आपल्या पोटातलं कसं दिसत नाही, याचं मामांना अधूनमधून नवल वाटायचं. आणि एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, सुट्टी मंजूर झाली. तुमच्याच मोहिमेत नाव घातलंय. पैसेसुद्धा भरले. आता आठव्यांदा चढायचं ते माझ्याबरोबर!"

मामांना असा ठसका लागला, की बायकोला उठून पाठ चोळावी लागली.

तळावर पोचल्या पोचल्या त्यांनी मोहिमेच्या प्रमुखाला तंबूमागे गाठलं. हा प्रमुख वयाने बराच लहान, पण दाढी छातीपर्यंत, म्हणून सगळे त्याला दाढीवाला म्हणायचे. मामांनी सगळं सांगून टाकलं. दाढीवाला आधी पोट धरून हसला, मग डोळे पुसत म्हणाला, "मामा, दहा वर्षं तुमच्या हातचं खातोय. माझ्या तोंडून काही बाहेर पडायचं नाही. पण वर यायचं तर शिकावं लागेल. माझ्या दोरावर मी खोटा माणूस घेणार नाही."

मग चार दिवस रोज दुपारी, मुलगी इतरांबरोबर सरावाला गेली की मामांची शाळा भरायची. पहिल्या दिवशी ते काटे लावून ऐटीत स्वयंपाकाच्या तंबूत शिरले आणि खालच्या ताडपत्रीची चाळण केली. दुसऱ्या दिवशी डाव्या पायाच्या काट्यांनी स्वतःच्याच विजारीचा उजवा पाय फाडला. गाठीचं तर विचारूच नका. खेचरावर गॅसची टाकी बांधायची गाठ त्यांच्या हातात इतकी बसली होती, की कमरेचा दोरही ते तसाच बांधायचे. एकदा मुलीने नेमकं ते पाहिलं.

"बाबा, ही कुठली गाठ?"

"जुनी पद्धत आहे," मामा म्हणाले. "आता कुणी वापरत नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

वरच्या छावणीतून ते पहाटे निघाले. दोन गडी पुढच्या दोरावर, मागच्या दोरावर दाढीवाला, मुलगी आणि शेवटी मामा. गंमत अशी, की मामांना काही होईना. एकोणीस उन्हाळे विरळ हवेत कांदे चिरलेल्या माणसाचा श्वास कशाला लागतोय! उजाडल्यावर तर त्यांना कंठच फुटला. "आता डावीकडे भेग लागेल, हातभर रुंद, आत निळी निळी," ते मागून ओरडले. आणि भेग खरोखर आली, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य मामांना वाटलं. मग उभी भिंत आली, मग तिच्यावरचा सपाट तुकडा आला, जिथे म्हणे सगळे बसतात; तेही बसले. इतक्या वर्षांच्या ऐकीव गोष्टी एकेक करून पायाखाली येत होत्या. मामांना इतका आनंद झाला, की आपण खोटं बोललो होतो हेच ते घटकाभर विसरले.

शेवटच्या धारेवर शिखर समोर दिसायला लागलं. पुढचे दोघे वर पोचून हात हलवत होते. "दहा मिनिटं," दाढीवाला म्हणाला आणि पुढचा दोर तपासायला वळला. मामांनी थर्मास काढला. मुलीला चहा दिला, बिस्किट दिलं.

तिने चहाला तोंड लावलं नाही. बिस्किटाचे चार सारखे तुकडे केले, एकेक तुकडा खिशात ठेवला, वरून चेन लावली आणि गालातल्या गालात हसली.

मामांनी थर्मास खाली ठेवला. खाणारी माणसं हेच त्यांचं पुस्तक होतं. दमलो, मेलो, आता नको म्हणत दोन वाट्या सूप संपवणाऱ्याची त्यांनी कधी काळजी केली नव्हती. जो हसत हसत खायचं विसरतो, त्याचं डोकं उंचीने धरलेलं असतं. असे तिघे त्यांनी पाहिले होते. त्यातला एक स्ट्रेचरवर खाली गेला होता.

"खिशात काय ठेवलंस गं?"

"कुठं?"

"उभी राहा. माझ्याकडे चालत ये."

ती तीन पावलं आली आणि चौथं तिरपं पडलं. तोवर दाढीवालाही वळला होता. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. "खाली. लगेच." मग हळूच म्हणाला, "मामा, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. वरचे दोघे तुम्हाला धारेवरून हात देतील. मी हिच्याजवळ थांबतो. तुम्ही टेकून या."

मामांनी वर पाहिलं. कुणाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी त्यांना ते शिखर हवं होतं, अगदी लहान मुलाला हवं असतं तसं. दहा मिनिटं, आणि निदान एकदा तरी खरं होणार होतं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती हातमोजा उलटा घालायची खटपट करत होती.

"तोवर हिचं आणखी बिघडलं तर?" मामा म्हणाले. "चला."

पण घोडं अडलं ते मुलीपाशी. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "मी नाही येणार! तुम्ही सात वेळा गेलात. सात वेळा! मला एकदासुद्धा जाऊ देत नाही!"

समजावलं, दटावलं, ती ढिम्म हलेना. वेळ जात होता. शेवटी मामा तिच्यासमोर बर्फात गुडघ्यांवर बसले आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मी एकदाही गेलो नाही, बाळ."

"काय?"

"एकदाही नाही. फोटोतला तिसरा माणूस कोण आहे मला माहीत नाही. मी खाली बसून सूप करतो. आज पहिल्यांदाच इथवर आलोय, आणि तुझ्याबरोबर परत चाललोय. ऊठ."

तिचं रडणं थांबलं. मग लहानपणी उठायची तशी, त्यांच्या गळ्यात हात टाकून उठली.

दुपारी ते तळावर पोचले. खाली येईल तशी तिची पावलं सरळ पडू लागली, आणि तळावर तर तिने आल्या आल्या सूप मागितलं. मामांनी वाटी भरून दिली. तिने ती संपवली आणि पुन्हा पुढे केली, तेव्हा मामांनी पाठ फिरवून बाहीने डोळे पुसले. शेगडीचा धूर म्हणावा, तर शेगडी गॅसची होती.

"बाबा," दुसरी वाटी अर्धी झाल्यावर ती म्हणाली, "वर मला भलतंसलतं ऐकू येत होतं का हो? तुम्ही काहीतरी म्हणालात असं वाटतंय. नक्की आठवत नाही."

दाढीवाला बुटाच्या नाड्यांत कमालीचा गुंतला. उंचीवर भास होतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मामांनी नुसती मान हलवली असती, तरी सतरा वर्षांची अब्रू जागच्या जागी राहिली असती.

मामांनी शेगडी बंद केली. "भास नव्हता," ते म्हणाले. "खरं होतं ते. एकदाही गेलो नाही मी."

मुलीने वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला. "शाळेत त्या मुलीचे मी केस ओढले होते," ती म्हणाली, "ती म्हणाली होती, तुझे बाबा थापा मारतात." मामा उभे होते, हातात डाव होता, आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

"आणि आज जाता येत होतं ना तुम्हाला?" तिने विचारलं. "दहा मिनिटं होती. हे म्हणाले होते. तेवढं आठवतंय मला."

"होती."

तिने वाटी उचलली, उरलेलं सूप संपवलं आणि तिसऱ्यांदा पुढे केली. "आईला कोण सांगणार?"

"मी सांगतो," मामा म्हणाले. वाटी भरून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. "पण तू शेजारी बस."