दोन स्क्रू आणि झालं

चाळीस वर्षांत आर्विड लाम्पीच्या तोंडून "बसेल" हा शब्द कुणी ऐकला नव्हता. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात, घरामागच्या शेडमध्ये तो लोकांच्या शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचा. टपालाने मागवलेला नवा दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा भाग, काखोटीला मारून कुणी आलं की आर्विडचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. खोक्यावर छापलेलं असायचं: जुना काढा, नवा लावा, दोन स्क्रू आणि झालं. "हे ज्याने लिहिलं, त्याने तुझी बंदूक पाहिलीय का?" आर्विड विचारायचा. मग तो एक डॉलरची नोट काढून नळी आणि दस्ता यांच्या फटीतून सरकवायचा. नोट सरकत गेली तर नळी मोकळी. अडकली तर नळी कुठेतरी टेकलेली, आणि टेकलेली नळी तापली की प्रत्येक गोळी आपापल्या मर्जीने जाणार. नोट बहुतेक अडकायचीच. मग भाषण सुरू व्हायचं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय बंदूक परत मिळायची नाही.

लोक टाळायला लागले. जुलैतल्या एका सकाळी त्याची बायको आयली म्हणाली, "अरे, एकदा तरी कुणाला हो म्हणून बघ. जीभ झडणार नाही." आणि त्याच दिवशी पोस्टात लोर्ना साल्मी भेटली.

लोर्ना शाळेची बस चालवायची. वय छप्पन्न. वसंतात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, हात पूर्वीइतका लांब जात नव्हता. तिच्या वडिलांनी दिलेल्या बंदुकीचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आता तिला झेपेना. लाकूड मागून कापून आखूड करता आलं असतं, पण वडिलांच्या लाकडाला करवत लावायची कल्पनाही तिला सहन होत नव्हती. तिने मोबाइलवर एका आखूड, हलक्या, प्लास्टिकच्या दस्त्याचा फोटो दाखवला. "बसेल ना रे हा?"

"बसेल," आर्विड म्हणाला. फोटो त्याने धड पाहिलाही नव्हता.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला, शुक्रवारी सकाळी ती शेडमध्ये आली. एका हातात तो प्लास्टिकचा दस्ता लावलेली बंदूक, दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेला जुना दस्ता. तिने कागदाचं लक्ष्य टेबलावर टाकलं. आर्विडने त्यावरची भोकं पाहिली. एक वर, एक डावीकडे, एक कागदाच्या पार कोपऱ्यात.

"वेस हसत होता," लोर्ना म्हणाली. वेस तिचा थोरला भाऊ. "म्हणतो, ही बंदूक घेऊन तुला जंगलात सोडणार नाही. हरिण जखमी होऊन पळालं तर कुणी शोधायचं? म्हणतो, यंदा तू शिकारीच्या कॅम्पवर चूल सांभाळ. माझ्या शिकारीच्या जागेवर तो आपल्या जावयाला बसवणार आहे."

"आणि एकदा जावई बसला की..."

"की तो उठत नाही. मला माहितीय."

पंधरा तारखेला हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी तिकडे शाळा बंद, न्हाव्याचं दुकान बंद, दवाखान्यातसुद्धा एकटी नर्स. लोर्ना चौतीस वर्षं न चुकता कॅम्पवर गेलेली, आणि रविवारी दुपारी सगळे निघणार होते.

"रविवारी सकाळी ये," आर्विड म्हणाला. "तू विचारलंस तेव्हा मी नीट पाहायला हवं होतं."

"हवंच होतं," लोर्ना म्हणाली आणि बस काढायला गेली.

त्या दिवशी आर्विडला बसवेना की उभं राहवेना. त्याने नळीला मेणबत्तीची काजळी धरली, नळी दस्त्यात ठेवून उचलली, आणि काळे डाग पडले तिथे पॉलिश पेपरने घासलं. पुन्हा काजळी, पुन्हा घासणं. दस्ता एका बाजूने आत आलेला, खाचा सैल, स्क्रू आवळले की लोखंडच वाकतंय. साचा एक आणि बंदुका हजार, बसणार कसं? पण आज भाषण ऐकायला समोर कुणी नव्हतं, आणि असतं तर ते आधी त्यालाच द्यावं लागलं असतं. दुपारी त्याने चिकटू नये म्हणून लोखंडाला मेण चोपडलं, खाचांत वाळून दगडासारखी होणारी एपॉक्सी भरली, बंदूक त्यात बसवून पट्ट्यांनी आवळली. आता ती चोवीस तास हलवायची नाही आणि गार पडू द्यायची नाही.

शेडमधली शेगडी रात्री विझते. म्हणून त्याने बंदूक सौनाच्या वरच्या फळीवर ठेवली, त्यावर टॉवेल टाकला, भट्टीत नावापुरता जाळ ठेवला. घराशेजारची ती अंग शेकायची लाकडी न्हाणीघरवजा खोली मंद आचेला दिवसभर उबदार राहायची.

"उद्या शनिवार आहे," आयली म्हणाली. "सौना लागेल."

"उद्या नाही."

"लग्न झाल्यापासून एक शनिवार चुकला नाही."

"उद्या चुकेल," तो म्हणाला, आणि झोपायच्या आधी तीनदा बाहेर जाऊन भट्टी बघून आला.

शनिवारी दुपारी आयली चर्चच्या स्वयंपाकघरात पास्त्या भरायला गेली. शिकाऱ्यांना विकायच्या त्या मांस-बटाट्याच्या करंज्या शेकड्यांनी लागायच्या. आर्विड एका गिऱ्हाइकाची बंदूक पोचवायला अर्ध्या तासासाठी म्हणून गेला, आणि त्या गिऱ्हाइकाच्या आईने कॉफी पाजल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना वळणावरून त्याला आपल्या सौनाचं धुराडं दिसलं. भकाभका धूर निघत होता.

रुडी. शेजारचा रुडी तीस वर्षं दर शनिवारी चार वाजता त्यांच्या सौनात यायचा. विचारायची पद्धत कधीच नव्हती, त्यामुळे सांगायचंही कुणाला सुचलं नाही. भट्टी जेमतेम धुगधुगत होती. आर्विड म्हातारा झाला, लाकूड टाकायला विसरला, असं समजून रुडीने बर्चचे ओंडके गच्च भरले आणि तो बाहेरच्या खोलीत कपडे काढून वाट बघत बसला.

"ये, ये," तो म्हणाला. "नव्वदवर गेलाय काटा. मस्त तापलंय."

आर्विड बुटांसकट आत घुसला. टॉवेलखाली बंदूक होती, पट्ट्या होत्या, आणि पट्ट्यांनी आवळलेलं ते स्वस्तातलं प्लास्टिक मऊ पडून नळीकडे वाकलं होतं. एकदा वाकलं ते वाकलं.

"टॉवेलखाली काय आहे ते मी कशाला बघू?" रुडी म्हणाला. "लोकांच्या टॉवेलखाली बघायची मला सवय नाही."

आर्विड त्याच्यावर ओरडलाही नाही. रुडीचं काय चुकलं होतं? चूक जुलैत झाली होती, पोस्टात. तो पायरीवर बसून राहिला. चाळीस वर्षं नाही म्हणून कुणाचं नुकसान केलं नव्हतं, आणि एकदा हो म्हणून एका बाईची कॅम्पवरची जागा घालवायला निघालो, हे त्याला सहन होईना. फोन करावा असं वाटलं, पण धीर झाला नाही.

रविवारी सातला लोर्ना आली. आर्विडने वाकडा दस्ता तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सौनाचं, रुडीचं, आणि पोस्टात फोटो न बघता हो म्हटल्याचंही.

लोर्नाने वाकलेल्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "म्हणजे मी सगळ्या गावात तुझंच नाव सांगत फिरले," ती म्हणाली. "आर्विड म्हणालाय बसेल, म्हणजे बसेलच."

"एकच रस्ता उरलाय," आर्विड म्हणाला.

तिने कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहिलं. तिथे जाऊन अक्रोडाचा दस्ता काढला, आणि बाहीने पुसून त्याच्या हातात दिला. "किती?"

"दीड इंच. निदान."

"काप. माझ्यासमोर काप."

त्याने माप तिच्या कोपराच्या घडीपासून बोटापर्यंत घेतलं. लाकडाला चिकटपट्टी गुंडाळली, दोनदा मोजलं, आणि करवत चालवली. लोर्ना खिडकीबाहेर बघत होती. टोकाला मऊ रबराची गादी बसवली, लोखंड जुन्या जागी ठेवलं. पन्नास वर्षं एकमेकांना घासून बसलेलं लोखंड आणि लाकूड ते, नोट सुळकन सरकली.

दहा वाजता ते वाळूच्या खाणीत होते. शंभर पावलांवर कागद लावला. लोर्नाने तीन गोळ्या झाडल्या, आर्विड चालत जाऊन कागद घेऊन आला. तिन्ही भोकं कॉफीच्या मगाखाली झाकली गेली असती. वेसला दाखवायला तिने तो घडी करून खिशात घातला. कॅम्पवरची तिची जागा राहिली होती.

पण ती गाडीकडे जाईना. रिकामी बंदूक तिने खांद्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली.

"हे इतकं सोपं असतं?"

"काय?"

"मान ताणायलाच लागत नाही. मला वाटायचं सगळ्यांना ताणावी लागते." तिने बंदूक खाली केली. "पप्पा सहा फूट दोन इंच होते, आर्विड. दस्ता त्यांच्या मापाचा. डॉक्टर म्हणाला, खांदा एका दिवसात असा होत नाही, वर्षानुवर्षं चुकीच्या जागी मार बसलाय. मी म्हटलं, बसच्या स्टिअरिंगमुळे असेल."

आर्विड वाकून वाळूतली रिकामी काडतुसं वेचायला लागला.

"दर वर्षी मी इथेच निशाणा जुळवायला येते. तू असतोस इथे. तुला दिसत होतं?"

"हो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"जगाला भाषणं देतोस. मलाच का नाही सांगितलंस?"

"वडिलांची होती ना," आर्विड म्हणाला. "वाटलं, तुला राग येईल."

"आला असता," लोर्ना म्हणाली. "एखादा दिवस."

तिने बंदूक गाडीत ठेवली, दार डाव्या हाताने लावलं आणि कॅम्पच्या रस्त्याला लागली.