गँट चार्टाला डावा कौल

मंडळी, मी विद्यापीठात प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकतोय हे तुम्हाला ठाऊक आहेच. मीच सांगत फिरतो.

सरांनी घरातल्या एखाद्या खऱ्या कामाचं वेळापत्रक करायला सांगितलं होतं. मी आमच्या हळर्णच्या घरची विहीर बांधून काढायचं काम घेतलं. बेळगावचा मेस्त्री, चिरे, वाळू, सगळ्याचा तारीखवार रंगीत गँट चार्ट केला. काम सोमवारी सुरू.

आज सकाळी बाबांनी चार्ट बघितला आणि एवढंच म्हणाले, "देवाक इचारलंस?"

गेलो देवळात, कौल लावायला. गुरवांनी देवाला पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार. बराच वेळ कुठलीच पडेना, आणि शेवटी पडली ती डावी.

"दुसरी तारीख आसा?" गुरवांनी विचारलं. माझ्याकडे नव्हती. बाबांनी खिशातून कागद काढला. त्यावर आणखी तीन तारखा होत्या, मेस्त्रीला आधीच सांगून ठेवलेल्या. पहिलीलाच उजवी पडली.

सरांना मेसेज केला, "चार्ट बदलतोय, देवाने परवानगी दिली नाही." वाटलं, हसतील.

उत्तर आलं, "ज्याची परवानगी लागते त्यालाच शेवटी विचारलंस. दोन मार्क कापले."

सर डिचोलीचे आहेत, त्यांच्याकडेही कौल घेतल्याशिवाय कुदळ पडत नाही, हे मी धरलंच नव्हतं.