दाढीचा डिंक

केडगावला आमचं ड्रेपरीचं दुकान होतं. जत्रेतल्या नाटकांना अंगरखे, टोप, दाढ्या भाड्यानं द्यायच्या आणि नाटकाच्या दिवशी जाऊन नटांची तोंडं रंगवायची. पाटीवर नाव माझं, शाल-नारळ मला. दाढ्या विणायची बायको. त्या चिकटवायचा डिंकही तीच करायची. राळ मी आणायचो, स्पिरिट मी आणायचो, एरंडेलाची बाटली मी आणायचो. मागच्या खोलीत बसून ती त्याचं काय करायची ते मी कधी बघितलं नाही. बाईमाणसाचं काम, त्यात काय बघायचं, असं वाटायचं. डिंक मात्र असा, की श्रीगोंद्याला एकदा राजा लढाईत घामानं न्हाला, मुकुट गडगडत गेला, पण दाढी हलली नाही. आणि नाटक संपल्यावर ओढली की अलगद हातात यायची.

नगरच्या नाटकवाल्यांनी काही वर्षांपूर्वी एक कोठार काढलं. धान्याचं नाही, माहितीचं. पडदा कसा रंगवायचा, वीज कशी चमकवायची, ज्याला जे येतं ते त्यानं मोबाईलसमोर सांगायचं. ते कुणालाही फुकट बघता येतं, त्यातून नफा कुणी कमवायचा नाही. वर सांगणाऱ्याचं नाव लागतं, आणि ज्यानं करून बघितलं तो खाली लिहितो, जमलं का फसलं. हे चालवणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्या डिंकाचं विचारायला आमच्या घरी आल्या.

आमच्या धंद्यात शिकवताना एक गोष्ट हातची राखायची रीत आहे. माझ्या वस्तादानं मला तसंच शिकवलं होतं. मी राळ सांगितली, स्पिरिट सांगितलं, एरंडेल ठेवलं.

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "खोटं सांगितलंत."

"धंदा हाय."

"कसला धंदा? सा म्हैने झाले, दुकानात उंदीर तरी येतो का?"

अशी बोलायची ती. शिमग्याच्या आधी गेली. तीन दिवसांचा ताप. मी रडलो नाही, आणि लोकांनी ते ध्यानात ठेवलं.

पुढं महिन्याभरानं फोन आला. अकोले तालुक्यातल्या हौशी मंडळातला नट, पोटासाठी एसटीत कंडक्टर.

"बाबा, कोठारात तुमचं ऐकून डिंक केला. दाढी निघाली, पन गालाचं कातडंबी संगट आलं."

"मग आता गोरा दिसत असशील," मी म्हणालो.

"प्याशिंजर इचारत्यात, बायकोनं भाजलं का म्हून."

मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू गेलं. लोकांची तोंडं सोलणाऱ्या डिंकावर माझं नाव होतं, आणि जिचा डिंक खरा तिचं नाव जगात कुठंच नव्हतं. तेव्हापासून मला एकच हवं होतं. कोठारात डिंकावर तिचं नाव लागावं.

मी बाईंकडे गेलो. "एरंडेल राहिलं," म्हणालो.

"राहिलं की ठेवलं?"

"ठेवलं."

त्यांनी रविवारी कंडक्टरलाही बोलावलं. चांगला माणूस, आला. गालावर गुलाबी डाग. दुसरा गाल पुढं करून म्हणाला, "हिकडं लावा. तिकडची शीट फुल झाली."

"एरंडेल किती टाकायचं?" बाईंनी विचारलं.

"अंदाजानं."

"कुनाच्या?" कंडक्टर म्हणाला.

मी ओतलं. डिंक वाळेचना. दाढी हनुवटीवरून घसरत घसरत त्याच्या चहाच्या कपात पडली. सगळे हसले. त्यानं ती दोन बोटांनी उचलली. "बाबा, हिलाबी च्या पायजे हुता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आमच्या घरी मोबाईलवर घेतलेलं मूळ बोलणं लावलं, कोठारात टाकताना कापलेल्या तुकड्यासकट. राळ, स्पिरिट, माझा आवाज. मग लांबून, आतल्या खोलीतून, तिचा.

"आवं, तेवढ्यानं कातडं निघंल मानसाचं. आधी..."

"तू च्या टाक. तुला कुनी इचारलं?"

"काकूंना बोलू द्या ना," बाईंचा आवाज.

"तिला काय कळतंय? निस्तं घोटायचं काम करती."

मग भांड्यांचा आवाज. बाईंनी ते परत लावलं, मग आणखी एकदा. 'आधी'च्या पुढं ती नाही, मी आहे.

घरी मी महिनाभर स्वतःच्या तोंडावर करून बघितलं. आधी तुरटी. आधी बेसन. आधी दूध. आधी एरंडेल चोपडून वर डिंक. एक तर दाढी गळायची, नाही तर कातडं यायचं. दोन्ही गाल सोलून निघाले. डोळे लाल दिसले तरी लोकांना वाटायचं, स्पिरिट झोंबलं. शेवटी तिच्या धाकट्या बहिणीला फोन लावला, तिला तरी काही सांगून ठेवलं असेल म्हणून.

"सांगितलं असतं की दाजी," ती म्हणाली. "तिला इचारलं कुनी?"

मी परत बाईंकडे गेलो. "तिचं नाव लावा."

"कशावर, काका?"

"डिंकावर."

"कोणत्या? तिथं आहे तो माणसं सोलतोय. त्यावर लावू काकूंचं नाव?"

मग त्यांनीच विचारलं, "सगळं काढून टाकू का?"

"ऱ्हाऊ द्या. कापलेलंबी जोडा. मी कसा बोललो ते ऐकू द्या लोकान्ला. फकस्त वर लिवा, हे करू नका. सांगनाऱ्याला येत नव्हतं. जिला येत हुतं तिला त्यानं बोलू दिलं न्हाई."

बाईंनी जसंच्या तसं लिहिलं. "इथं तरी काकूंचं नाव टाकू?"

"नको. ह्यात तिचं काय चुकलं?"

परवा खाली कुणीतरी विचारलंय, मग लावायचं काय? बाईंनी फोन करून मला उत्तर मागितलं.

"लिवा," मी म्हणालो, "म्हाताऱ्याला म्हाईत न्हाई."