मी बुजवलेल्या चार जाळ्या

यांची चंदीगडला बदली झाली त्या वर्षी मी कॉलनीतल्या मराठी मुलांना लेझीम शिकवायला घेतलं. जुन्या क्लबच्या हॉलला लाकडी जमीन होती, मातीपासून हातभर उंच. तिच्यावर वीस जणांची पावलं एकदम पडली की सगळा हॉल घुमायचा!

जानेवारीत मात्र फळ्यांच्या फटींतून गार वारा यायचा, मुलांचे पाय काकडायचे. बाहेर जाऊन पाहिलं तर भिंतीच्या पायथ्याशी चार लोखंडी जाळ्या. शेजारणीला घेऊन मी त्यांत पोती कोंबली, पुढे माती ओढून झेंडू लावले. वारा थांबला. आम्ही दोघी आपल्या हुशारीवर खूश.

जुलैत हॉलमध्ये कुबट वास यायला लागला. फळ्या फुगल्या, मधली एक तर इतकी उचलली गेली की मुलं तिला ठेचकाळायची. गणपती दीड महिन्यावर आलेले. मोहालीहून एक म्हातारे सरदारजी मिस्त्री आले. त्यांनी फळी उचकटली आणि मला म्हणाले, "बीबीजी, हाथ लगाओ." खालची तुळई ओलीचिंब होती, पांढरी बुरशी धरलेली.

"नीचे की हवा किसने बंद की?"

माझी मुलगी तत्परतेनं म्हणाली, "मम्मी ने!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मिस्त्री मात्र पोट धरून हसले. मग त्यांनी समजावलं, की मातीतली ओल वर येतच राहते. एका बाजूच्या जाळीतून वारा शिरतो आणि ती ओल घेऊन दुसऱ्या बाजूनं निघून जातो. "ठंड लगे तो दरी बिछाओ जी, जाली मत छेड़ो."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी झेंडू कुंड्यांत हलवले आणि पोती ओढून काढली. मिस्त्रींनी कुजलेल्या दोन तुळया बदलल्या, बऱ्याच फळ्या काढून ठेवल्या आणि पंखे लावून दिले. मुलं पालथी पडून आत डोकवायची. "काकू, नीचे तो पूरा तहखाना है!" तीन आठवड्यांनी लाकूड खडखडीत वाळलं आणि फळ्या परत बसल्या.

गणपतीत मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं. दोन मिनिटं ते नुसते बघत उभे राहिले, मग एक लेझीम उचलून सरळ रिंगणात शिरले. हात लेझमीचे, खांदे भांगड्याचे! मुलं त्यांच्यामागे निघाली, मी शिकवलेली पावलं कुठच्या कुठे गेली. त्यांना सावरायला म्हणून मी पुढे झाले आणि मीही नाचायला लागले.