पेटीतली पहिली वस्तू

मला नाद होता जुन्या विलायती पत्रकांचा. कामगाराला मत हवं, त्याच्या विश्रांतीवर मालकाचा हक्क नाही, असं शंभर वर्षांपूर्वी तिथल्या जहाल पुढाऱ्यांनी ठणकावून छापलेली ती पातळ चोपडी. इंग्रज देश सोडून गेले आणि मी बोर्लीत मास्तरकी करता करता त्यांचेच कागद गोळा करू लागलो. लोक हसायचे. हौसेला मोल नसतं, असं मी ऐटीत म्हणायचो. पण पायपीट माझी नव्हती.

ती करायचा माझा बालमित्र. तो आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. लंडनला बोट लागली की सुटीच्या दिवशी माझी चिठ्ठी घेऊन जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळायचा. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नसे. त्याच्या आईचं मागणं एकच होतं, "तितं एक फोटू काढ रं. तू नसलास की बगीन." पण सुटी माझ्या चोपड्यांत सरायची आणि फोटो पुढच्या खेपेवर जायचा.

आमच्याकडे खलाशाची पेटी ओटीवर चारचौघांत उघडतात आणि पहिल्या वस्तूचा मान आईचा. कागद चुरगळू नयेत म्हणून ते सगळ्यात वर ठेव, असं मीच त्याला बजावलं होतं. त्यामुळे दर खेपेला म्हातारीच्या हाती आधी माझं पुडकं यायचं. ती ते कपाळाला लावून मला द्यायची. मला शरम वाटायची, पण घरी जाऊन सुतळी सोडेपर्यंतच.

शेवटी एका खेपेला त्याने पेटी उघडली आणि सगळ्यात आधी फोटो निघाला. तोवर तिचे डोळे पार गेले होते. तिने त्यावरून बोटं फिरवली आणि तो माझ्यापुढे धरला.

"मास्तर, तू शिकलेला. सांग, कसा दिसतो माजा पोर?"

"कोट घातलाय मावशी. जरा वाळलाय, पण हसतोय."

"आन् हात? भाजल्यात का रं भट्टीनं?"

हात दिसत नव्हते. छातीशी धरलेल्या पुडक्याआड ते झाकले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुडकं धरलंय त्याने," मी कसंबसं म्हणालो. "माझं."

म्हातारी पेटीशी बसलेल्या लेकाच्या दिशेने वळली.

"नीट धरलंस ना रं? चुरगळून न्हाय चालत ते."