साखरपुड्याचं पन्हं

माझ्या थोरल्या बहिणीचा साखरपुडा चैत्रात झाला, नौपाड्यातल्या आमच्या घराजवळच्या एका छोट्या कार्यालयात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते. नवरा मुलगा कळव्याचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. हसायला लागला की त्याचे डोळे पार मिटायचे. उकाडा मरणाचा होता. कार्यालयाच्या टाकीतलंच पाणी घेऊन पन्हं केलेलं. बायकांनी चिडवलं, "अगं, तुझ्या हातानं दे की त्याला!" ताईनं लाजत पेला पुढं केला. त्यानं तो एका दमात संपवला आणि म्हणाला, "अजून एक."

लग्न ज्येष्ठात होतं. महिनाभरानं निरोप आला, त्याला ताप आहे, अन्नाचा वासही सहन होत नाही. मग कळलं, कावीळ.

ताई आणि मी कळव्याला गेलो. तो खिडकीशी बसला होता. डोळ्यांतलं पांढरं पिवळंजर्द झालेलं. डोक्यावर वैदूनं दिलेली बारीक काड्यांची माळ. ती दिवसेंदिवस लांबत खाली येते, छातीपर्यंत उतरली की कावीळही उतरते, असं लोक मानायचे. त्याची आई चुन्याच्या पाण्यानं त्याचे हात चोळत होती. पाणी पिवळं होत होतं.

"बघ, निघतेय," ती म्हणाली.

तो ताईला म्हणाला, "लोकांना हळद लग्नाच्या आदल्या दिवशी लागते. मला आधीच लागली."

ताई हसली नाही. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं," आईनंच उत्तर दिलं. "पथ्य आणि माळ, बस."

पुढच्या खेपेला माळ छातीपर्यंत आली होती. आई खुशीत होती. पण तो भरदिवसा पेंगत होता. ताईनं हाक मारली तेव्हा डोळे उघडून बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

आईला वाटलं, चेष्टा करतोय. ताईचा चेहरा उतरला. तिनं हट्टानं रिक्षा बोलावली आणि आम्ही त्याला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. यकृत निकामी होत आलंय, असं तिथं सांगितलं. तो पुन्हा कुणाला ओळखू शकला नाही. गेला तेव्हाही माळ गळ्यात होती.

आम्ही भेटायला गेलो तर त्याची आई दारातच उभी राहिली. "पांढऱ्या पायाची," ती ताईकडे बघून म्हणाली. "हिच्या हातचं प्यायला आणि गेला. हिला मात्र काही झालं नाही."

ताई घरी येऊन आरशापुढं उभी राहिली आणि बोटानं पापणी खाली ओढून स्वतःचे डोळे बघत बसली. मग रोजच बघायला लागली. आपलेही पिवळे व्हावेत, अशी ती वाट बघतेय असं मला वाटायचं.

त्याच सुमारास आमचे दोन चुलतभाऊ आजारी पडले. तीच कावीळ, पण हलकी. बाबा त्यांना घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले, ताईलाही नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "महिन्या-दीड महिन्यामागं सगळे एकत्र कुठं जेवलात?"

ताईच म्हणाली, "माझ्या साखरपुड्याला." आणि मग, "म्हणजे माझ्या हातानंच."

"हातानं नाही, पाण्यानं," ते म्हणाले. "ही कावीळ मैल्यातून पाण्यात उतरते आणि पाण्यातून पोटात जाते. दिसायला महिना लागतो, म्हणून संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. मुलं बहुतेक सहज निभावतात, मोठ्यांनाही बहुधा विश्रांतीनं बरं वाटतं. एखाद्याच्या यकृतावर मात्र उलटते. गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, की घरी थांबायचं नसतं."

"मग मला का नाही झाली?"

"लहानपणी झाली होती तुला. मीच बघितलं होतं. एकदा झाली की ही परत होत नाही."

बाबा कार्यालयात जाऊन आले. जमिनीखालच्या टाकीला तडा होता आणि शेजारूनच संडासाचं गटार जात होतं. "पाणी तर नितळ दिसतंय," तिथला माणूस म्हणाला म्हणे.

ताईला सगळं समजलं. पण दुपारी जरा डोळा लागला की ती दचकून उठायची. "पेला पुढं करतो गं," म्हणायची. "अजून एक मागतो." आमच्याकडे पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, संडासाहून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा नेम तिनं घातला. स्वयंपाकघरात पातेलं रटरटायचं आणि ती शेजारी उभी राहून आत बघत असायची. स्थळं आली. तिनं लग्न केलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा सकाळी दार वाजलं. त्याची आई. पार वाकली होती. लेकीची मुलगी पिवळी पडलीय, म्हणाली. वैदूला बोलवायला जावई निघालाय.

"माळ नको," ताई म्हणाली आणि चपला घालून तिच्याबरोबर निघाली. मीही गेले. ताईनं मुलीचे डोळे उजेडात बघितले, तिला बोलतं केलं, डॉक्टरांकडे नेलं. नंतर रोज संध्याकाळी ती कळव्याला जायची. उकळलेलं पाणी, मऊ भात, मुलीची वेगळी घासलेली ताटवाटी, घरातल्या प्रत्येकाचे साबणानं धुतलेले हात. मुलगी काही आठवड्यांत खेळायला लागली. तोवर बाजारात या काविळीची लस आली होती. घरात दुसऱ्या कुणाला झाली नव्हती, ताईनं मागं लागून मुलीच्या धाकट्या भावाला ती लस टोचून घ्यायला लावली.

शेवटच्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. परतताना रिक्षा खाडीच्या पुलावर आली तेव्हा ताई बाहेर बघत म्हणाली, "आज निघताना त्याच्या आईनं मला आतून हाक मारली. सूनबाई म्हणून."

"आणि तू?"

"मी ओ दिली."